राणीचे शेंडेफळ

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा मंडळाकडून दरवर्षी फोन येतो आणि दरवर्षी मी एखादी पाककृती देऊन मोकळी होते. उकडीच्या मोदकांपासून तळणीच्या मोदकांपर्यंत सगळे प्रकार आता देऊन झाले आहेत. यंदा मात्र जरा वेगळा विषय घेऊन तुमच्यासमोर आले आहे. ही एका राजकन्येची गोष्ट आहे. राजकन्या म्हटले की राजपुत्र, घोडा आणि सोनेरी महाल डोळ्यांसमोर येतात. या राजकन्येच्या गोष्टीतही ते सगळे आहे, पण तिचे आयुष्य गेले ते आईच्या शेजारच्या खुर्चीत बसून.

या विषयाकडे मी वळले त्याला माझी धाकटी बहीण कारण झाली. तीन वर्षांपूर्वी ती साताऱ्याहून पहिल्यांदाच माझ्याकडे मेलबर्नला आली. आमची आई गेल्यानंतरची ती पहिली दिवाळी होती. आम्ही तिघी बहिणी. थोरली पुण्याला, मी इथे, आणि धाकटी शेवटपर्यंत आईजवळ. बाबा अचानक गेले तेव्हा धाकटी आठवीत होती. त्यानंतर आई आणि ती, अशी दोघींचीच ती वाडीतली दोन खोल्यांची दुनिया. ती शाळेत शिक्षिका झाली, निवृत्तही झाली, लग्न केले नाही.

पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना शहर दाखवायला नेतो, तशी मी तिला सेंट किल्डा रोडवरच्या क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये घेऊन गेले. फुलांचे मोठे घड्याळ पाहून झाले, फोटो काढून झाले. तिथेच राणी व्हिक्टोरियाचे १९०७ मध्ये उभारलेले संगमरवरी स्मारक आहे. मी तिला मार्गदर्शकाच्या थाटात सांगायला लागले. आपण राहतो ते राज्य १८५१ मध्ये न्यू साउथ वेल्सपासून वेगळे झाले आणि त्याला या राणीचे नाव मिळाले, १८५९ मध्ये वेगळ्या झालेल्या क्वीन्सलँडचे नावही तिच्यावरूनच, अल्बर्ट पार्क तिच्या नवऱ्याच्या नावाचे, आल्फ्रेड हॉस्पिटल तिच्या मुलाच्या नावाचे. बहीण शांतपणे ऐकत होती. मग तिने एकच विचारले. ही बाई चाळीस वर्षे विधवा होती ना, मग म्हातारपणी हिच्याजवळ कोण होते?

मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर शोधले आणि सापडली ती बिअ‍ॅट्रिस. राणीचे नववे आणि शेवटचे अपत्य, पाचवी मुलगी. आपल्याकडे ज्याला शेंडेफळ म्हणतात ते. राणीच्या नवऱ्याच्या, मुलाच्या नावाच्या पाट्या मी या शहरात रोज वाचत होते, पण जी जन्मभर तिच्यासोबत राहिली तिचे नाव मी ऐकलेही नव्हते.

बिअ‍ॅट्रिसचा जन्म १४ एप्रिल १८५७ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात झाला. बाळंतपणात वेदना कमी व्हाव्यात म्हणून राणीने क्लोरोफॉर्म घेतला होता. याआधी १८५३ मध्ये लिओपोल्डच्या वेळी तिने तो पहिल्यांदा घेतला, तेव्हा बऱ्याच धर्मपंडितांच्या भुवया उंचावल्या होत्या, पण राणीनेच घेतला म्हटल्यावर इतर बायकांचीही भीती गेली. आपल्या वाचकांच्या लक्षात वर्ष आले असेलच. बिअ‍ॅट्रिसच्या जन्माला महिनाही झाला नव्हता, तोच १० मे रोजी मेरठला ठिणगी पडली. पुढच्या वर्षी कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आले आणि १ नोव्हेंबर १८५८ चा तो राणीचा जाहीरनामा निघाला, जो आपण सगळ्यांनी इतिहासाच्या पेपरासाठी पाठ केला आहे. तो जाहीरनामा निघाला तेव्हा राजवाड्यात हे दीड वर्षाचे बाळ दुडुदुडु धावत होते. घरात तिला सगळे बेबीच म्हणत, आणि ते नाव ती मोठी झाल्यावरही बरीच वर्षे टिकले.

वडिलांची ती फार लाडकी. प्रिन्स अल्बर्ट शिस्तीचा माणूस, मोठ्या मुलांना त्याचा धाक असे, पण या चिमुरडीला सगळे माफ होते. हे सुख चार वर्षेच टिकले. १४ डिसेंबर १८६१ रोजी विंडसरला अल्बर्ट वारला. तो बेचाळीस वर्षांचा होता आणि राणीही बेचाळीसचीच. त्याच वर्षी मार्चमध्ये राणीची आईही गेली होती. राणी इतकी कोलमडली की लोकांसमोर येणेच तिने सोडून दिले. तिने अंगावर चढवलेले काळे कपडे मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे उतरवले नाहीत. अल्बर्टची खोली जशीच्या तशी ठेवायची, रोज गरम पाणी आणि धुतलेले कपडे तिथे नेऊन ठेवायचे, असा हुकूम होता.

त्या अंधाऱ्या घरात राणीला हसवू शकणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ही चार वर्षांची मुलगी. आई तिला जवळ घेऊन झोपे, तासन्‌तास मांडीवर घेऊन बसे. मूल म्हणून तिचे कौतुक होत होते, पण त्याच वेळी एका मोठ्या बाईच्या दुःखाचे ओझे त्या छोट्या खांद्यांवर येत होते. जी मुलगी घरभर चिवचिवत असे, ती हळूहळू बुजरी आणि अबोल झाली. हे वाचताना मला आमच्या बाबांच्या नंतरचे घर आठवले. धाकटीचा परकर-पोलक्यातला तो अवतार, आई रडायला लागली की अभ्यास बाजूला ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवणारा. आम्ही दोघी मोठ्या तेव्हा कॉलेजच्या होस्टेलवर होतो.

एकेक करून बिअ‍ॅट्रिसच्या बहिणींची लग्ने होत गेली. थोरली व्हिकी १८५८ मध्येच प्रशियाला गेली होती. दुसरी अ‍ॅलिस १८६२ मध्ये हेसला गेली. तिचे लग्न ऑसबर्नच्या घरातच झाले आणि ते लग्न कमी, सुतक जास्त वाटावे असे होते. हेलेनाचे १८६६ मध्ये झाले, लुईझचे १८७१ मध्ये. चौघी गेल्या आणि उरली ती चौदा वर्षांची बिअ‍ॅट्रिस. राणीने मनाशी ठरवूनच टाकले होते की ही कुठे जायची नाही. तिच्यासमोर लग्न हा विषयसुद्धा काढायचा नाही, असा घरात दंडक होता. मुलगी आईची पत्रे वाचून दाखवी, उत्तरे लिही, फिरायला सोबत जाई, पियानो वाजवी. ती उत्तम वाजवत असे, चित्रे काढी, गाण्यांना चालीही लावी. पण हे सगळे आईच्या वेळापत्रकात बसवून.

भाऊ मात्र जग पाहत होते. त्यातला आल्फ्रेड १८६७ मध्ये आपल्या या ऑस्ट्रेलियात आला. राजघराण्यातली इथे आलेली ती पहिली व्यक्ती. १२ मार्च १८६८ रोजी सिडनीजवळच्या क्लाँटार्फ येथे सहभोजनाच्या वेळी त्याच्या पाठीत गोळी घातली गेली. तो वाचला आणि लोकांनी कृतज्ञता म्हणून वर्गणी काढून रुग्णालय उभारले, तेच सिडनीचे रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटल. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले तिथे जन्मली असतील. मेलबर्नच्या आल्फ्रेडचे नावही त्याचेच. हा हल्ला झाला तेव्हा बिअ‍ॅट्रिस अकरा वर्षांची व्हायची होती. दूरदेशी मुलाला काही झाले की इकडे आईजवळ असलेल्या मुलीने आईला सांभाळायचे, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

लग्नाच्या गोष्टी कानावर येतच नव्हत्या असे नाही. फ्रान्सच्या पदच्युत सम्राटाचा मुलगा, तरुण नेपोलियन, इंग्लंडमध्ये आश्रयाला होता. त्याचे आणि बिअ‍ॅट्रिसचे जमेल अशी चर्चा होती. पण १ जून १८७९ रोजी झुलू युद्धात तो मारला गेला. त्याआधी १४ डिसेंबर १८७८ रोजी, म्हणजे बरोबर वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी, बहीण अ‍ॅलिस घटसर्पाने गेली होती. तिची मुले पोरकी झाली. मग राणीच्याच मनात आले की बिअ‍ॅट्रिसने अ‍ॅलिसच्या नवऱ्याशी लग्न करावे, मुलांना मावशीच आई म्हणून मिळेल. आपल्याकडेही जुन्या काळी असे घडत असे. पण इंग्लंडच्या कायद्याने वारलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न करायला बंदी होती आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने तो कायदा बदलू दिला नाही. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी अशी लग्ने १८७० च्या दशकातच कायदेशीर केली होती. इंग्लंडला त्यासाठी १९०७ उजाडावे लागले.

आता येते ती या गोष्टीतली सगळ्यात नाट्यमय घटना. एप्रिल १८८४ मध्ये अ‍ॅलिसच्या मुलीचे लग्न जर्मनीत डार्मस्टाटला होते. राणी आणि बिअ‍ॅट्रिस दोघी गेल्या. नवरदेव होता लुई बॅटनबर्ग आणि त्याचा धाकटा भाऊ होता हेन्री. देखणा, हसतमुख, पण पैशाने बेताचा, आणि आई राजघराण्यातली नसल्यामुळे युरोपातल्या मोठ्या घराण्यांनी जरा कमी लेखलेला. बिअ‍ॅट्रिस तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. त्या काळच्या हिशेबाने लग्नाचे वय उलटून गेलेली. लग्नघरात दोघांचे जमले. परत आल्यावर तिने धीर करून आईला सांगितले की मला हेन्रीशी लग्न करायचे आहे.

राणीला तो धक्का होता. तिने मुलीशी बोलणे बंद केले. एक दिवस, दोन दिवस नव्हे, तब्बल सात महिने. दोघी एकाच घरात, एकाच टेबलावर जेवायला, आणि काही सांगायचे असेल तर चिठ्ठी लिहून पुढे सरकवायची. ज्या मुलीने वीस-बावीस वर्षे आईच्या सुरात सूर मिळवला, ती या सात महिन्यांत मागे हटली नाही. भांडली नाही, घर सोडले नाही, कामे चुकवली नाहीत, पण हो म्हणून घेतल्याशिवाय राहिली नाही. तिच्या साऱ्या आयुष्यात मला सगळ्यात मोठे वाटते ते हे मौन. शेवटी थोरल्या भावंडांनी मध्यस्थी केली आणि डिसेंबरअखेर राणी तयार झाली. अट एकच. लग्न झाल्यावर दोघांनी तिच्याजवळच राहायचे. हेन्रीने आपली जर्मन लष्करातली नोकरी सोडली आणि तो राणीचा घरजावई झाला.

२३ जुलै १८८५ रोजी आइल ऑफ वाइट बेटावर, ऑसबर्नच्या घराजवळच्या व्हिपिंगहॅमच्या छोट्या चर्चमध्ये लग्न लागले. राणीने स्वतः मुलीचे कन्यादान केले आणि आपल्या लग्नातला होनिटनचा जाळीदार शेला तिला नेसवला. मधुचंद्रालाही दोघे त्याच बेटावर काही मैलांपलीकडे गेले. गाडी निघून जाईपर्यंत धीर धरलेली राणी नंतर खूप रडली म्हणतात. मुलीच्या पाठवणीला कोणती आई रडत नाही? पण ही पाठवणी आठवड्याभराचीच होती.

हेन्रीने त्या घराचा रंगच पालटला. नाटके, संगीत, मुलांचा दंगा पुन्हा सुरू झाला. अलेक्झांडर, व्हिक्टोरिया युजेनी म्हणजे ईना, लिओपोल्ड आणि मॉरिस अशी चार मुले १८८६ ते १८९१ दरम्यान झाली. पंचवीस वर्षे उदास असलेली आजी नातवंडांत रमली. ऑसबर्नला १८९० च्या सुमारास एक नवा भाग बांधला गेला. खाली हिंदुस्थानी थाटाचा दरबार हॉल आणि वर बिअ‍ॅट्रिसच्या कुटुंबाच्या खोल्या. तो हॉल लॉकवुड किपलिंग आणि लाहोरचे भाई राम सिंग यांनी घडवला. हे किपलिंग आधी आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. १८८७ पासून आग्र्याचा अब्दुल करीम हा मुन्शी राणीला उर्दू शिकवत होता. म्हणजे ज्या देशात राणीने कधी पाऊल ठेवले नाही, त्या देशाच्या नक्षीखाली जेवणावळी होत आणि वर मुलीचा संसार चाले.

पण हेन्रीला नुसते घरजावई म्हणून बसणे सोसेना. १८९५ च्या अखेरीस त्याने हट्टाने आफ्रिकेतल्या अशांटी मोहिमेवर जायची परवानगी मिळवली. लढाई दिसायच्या आधीच त्याला मलेरियाने गाठले आणि २० जानेवारी १८९६ रोजी परतीच्या जहाजावर तो वारला. बिअ‍ॅट्रिस अडतिसाव्या वर्षी विधवा झाली. थोडे दिवस ती चार मुलांना घेऊन फ्रान्सला जाऊन राहिली आणि मग परत आली, आईच्या शेजारच्या त्याच खुर्चीत. आता त्या घरात दोन विधवा होत्या. त्यातली एक दुःख करू शकत होती, दुसरीला पत्रे वाचायची होती. हेन्री त्या बेटाचा गव्हर्नर होता, ते पद तिला मिळाले आणि तिने ते १९४४ पर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षे सांभाळले.

इथे मला थोडे थांबून दुसरीकडे पाहावेसे वाटते. २२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मिरवणूक लंडनमध्ये निघाली. त्याच दिवशी रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यावर रोषणाई होती आणि तिथून परतताना प्लेगच्या बंदोबस्तात अत्याचार करणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासणारेही तेच. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ १८९८ आणि १८९९ मध्ये फासावर गेले. एका आईचे तीन मुलगे. लंडनची आई आणि चिंचवडची आई यांचे दुःख एका तराजूत घालता येत नाही, आणि राणीच्या घरातल्या करुण कथेने तिच्या राज्यातला दुष्काळ आणि जुलूम धुऊन निघत नाही. बिअ‍ॅट्रिसची गोष्ट सांगताना मराठी माणसाने एवढे भान ठेवलेच पाहिजे, म्हणून ते लिहिले.

आपल्या इतिहासातही एक राजकन्या आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाईंची मुक्ताबाई. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला, मग विधवा आईला ती एकच लेक राहिली. १७९१ मध्ये तिचा नवरा यशवंतराव फणसे वारला आणि आईच्या विनवण्यांना न जुमानता ती सती गेली. एका राणीने मुलीला जाऊ दिले नाही, दुसऱ्या राणीला मुलीला अडवता आले नाही. दोन्हीकडे मुलीच्या आयुष्याचा निर्णय दुसऱ्याच कशाने तरी केला होता, तो आईच्या दुःखाने असो की रूढीने.

व्हिक्टोरियाची दृष्टी शेवटी अधू झाली. सरकारी कागद बिअ‍ॅट्रिसच वाचून दाखवी. राणीच्या कचेरीतल्या अधिकाऱ्यांची तक्रार असे की महत्त्वाचे कागद घाईत वाचले जातात. पण राणीला दुसरा आवाज नको होता. १ जानेवारी १९०१ रोजी आपले ऑस्ट्रेलियाचे संघराज्य जन्माला आले. त्याच्या कायद्यावर राणीची संमती आदल्या जुलैत झाली होती. संघराज्य तीन आठवड्यांचे असताना, २२ जानेवारीला संध्याकाळी, ऑसबर्नला राणीने प्राण सोडला. बिअ‍ॅट्रिस अर्थातच तिथे होती. चौथ्या वर्षापासून त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिचा जो दिनक्रम होता, तो त्या संध्याकाळी संपला.

भाऊ एडवर्ड राजा झाला आणि त्याने ऑसबर्नचे घर देशाला देऊन टाकले. मुन्शीची पत्रे त्याच्या हुकमाने जाळली गेली. बिअ‍ॅट्रिस शेजारच्या एका लहान घरात राहायला गेली. पण आईने जाताना एक काम तिच्यावर सोपवले होते. व्हिक्टोरिया तेराव्या वर्षापासून, १८३२ पासून, रोजनिशी लिहीत होती, मरणाच्या काही दिवस आधीपर्यंत. ती वाचून, लोकांना दुखावेल किंवा घराण्याला कमीपणा आणील ते गाळून नवी प्रत करायची आणि मूळ नष्ट करायचे, असे ते काम. बिअ‍ॅट्रिसने ते शब्दशः पाळले. एकेक वही समोर घेऊन ती निळ्या वह्यांत उतरवून काढी आणि मूळ जाळून टाकी. हे काम तिने जवळजवळ तीस वर्षे केले आणि १११ वह्या भरल्या. भाचा पंचम जॉर्ज राजा झाल्यावर त्याला आणि राणी मेरीला हे मुळीच पसंत नव्हते, पण मृत आईच्या आज्ञेपुढे त्यांचे चालले नाही. राणीच्या तरुणपणातल्या काही वर्षांची टंकलिखित प्रत लॉर्ड एशर यांनी करून ठेवली होती. तिच्याशी ताडून पाहिले की कळते, किती रंग, किती राग, किती हसू या मुलीने गाळून टाकले. उर्दू शिकतानाच्या वह्या तेवढ्या विंडसरला राहिल्या. २०१२ मध्ये ही सारी रोजनिशी संगणकावर आली, पण ती व्हिक्टोरिया कमी आणि बिअ‍ॅट्रिसला हवी असलेली आई जास्त.

इतिहासकार यासाठी तिला दोष देतात आणि ते बरोबरच आहे. आज्ञाधारकपणाचीही एक किंमत असते आणि ती कधीकधी पुढच्या पिढ्या मोजतात.

तिचे स्वतःचे उत्तरायुष्य सोपे नव्हते. मुलगी ईना १९०६ मध्ये स्पेनच्या राजाची राणी झाली. लग्नाच्या मिरवणुकीतच वधूवरांच्या गाडीवर बाँब पडला, नवदांपत्य वाचले, आजूबाजूचे कित्येक लोक गेले. पुढे कळले की रक्त न गोठण्याचा आजार, जो बिअ‍ॅट्रिसच्या भावाला होता आणि तिच्या मुलाला लिओपोल्डलाही होता, तो ईनाच्या दोन मुलांत उतरला आहे. आईकडून मुलीकडे नकळत जाणारा हा वारसा. सगळ्यात धाकटा मॉरिस २७ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या लढाईत पडला आणि इतर सैनिकांबरोबर तिथेच पुरला गेला. शेंडेफळाचे शेंडेफळ ते. लिओपोल्ड १९२२ मध्ये शस्त्रक्रियेनंतर गेला. १९१७ मध्ये जर्मन नावे टाकून देताना बॅटनबर्गचे माउंटबॅटन झाले. १९४७ मध्ये आपल्याकडचे राज्य गुंडाळणारे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन हे तिच्या दिराचे, त्या डार्मस्टाटच्या लग्नातल्या नवरदेवाचे चिरंजीव. ते पाहायला मात्र ती नव्हती. १९४१ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तिने आपल्या पणजीच्या रोजनिशीतले उतारे भाषांतर करून प्रसिद्ध केले. २६ ऑक्टोबर १९४४ रोजी, मॉरिसच्या तिसाव्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, ती गेली. नऊ भावंडांतली शेवटची. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये तिला व्हिपिंगहॅमच्या चर्चमध्ये हेन्रीच्या शेजारी ठेवण्यात आले. तिचे लग्न लागले होते तिथेच.

हे सगळे वाचून काढल्यावर एका रात्री जेवणानंतर मी बहिणीला ही गोष्ट सांगितली. सात महिन्यांच्या अबोल्यापाशी आले आणि माझा आवाज अडखळला. कारण आमच्या घरातही एक वर्ष तसे होते. धाकटीला नागपूरकडचे एक स्थळ सांगून आले होते. मुलगा चांगला, तिला पसंत. आईने नाही म्हटले नव्हते. ती फक्त गप्प झाली होती, जेवण कमी केले होते. धाकटीने मला फोन केला होता. आठ मिनिटांचे कार्ड होते, मला आठवते. मी काहीच बोलले नाही. तुमचे तुम्ही ठरवा म्हणाले. खरे तर मला सुटल्यासारखे वाटले होते, की ती आईजवळ राहिली तर मला इथे काळजी नाही.

तीस वर्षांत हा विषय मी काढला नव्हता. त्या रात्री काढला. तुला आईचा राग आला होता का, असे विचारले. ती बराच वेळ ओटा पुसत राहिली. मग म्हणाली की आईचा नाही आला, आई घाबरली होती. राग आला तो तुझा, कारण तू घाबरली नव्हतीस. बिअ‍ॅट्रिसची भावंडे निदान मध्ये तरी पडली, एवढेच ती पुढे म्हणाली आणि दिवा मालवून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. तिने चहा टाकला. आमच्याकडे माफी स्वीकारण्याची तीच रीत आहे. जाताना तिने सांगितले की आईच्या जमाखर्चाच्या वह्या तिने ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत, त्यांत आई कधीकधी चार ओळी मनातल्याही लिहीत असे, त्या वर्षाच्याही आहेत. त्यांचे काय करायचे ते मला विचारत होती. मी सांगितले, एकही पान फाडू नकोस. आई होती तशीच राहू दे.

वाचकहो, आपण सगळे घरे सोडून इतक्या लांब येऊ शकलो, कारण तिकडे कुणीतरी राहिले. कुणाचा धाकटा भाऊ, कुणाची बहीण, कुणाची वहिनी. त्यांच्या नावाची पाटी कुठल्याही रस्त्यावर नसते. आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेतली की यंदा त्यांना एक फोन करा. आईची तब्येत कशी आहे, हे नेहमीचे विचारून झाल्यावर, तू कसा आहेस, तू कशी आहेस, हेही विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला तर फोन ठेवू नका.

गणपती बाप्पा मोरया!